मुलांच्या आतड्याचा दाह आणि रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी

प्रति,
मा. संपादक,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत मुलांच्या जुनाट पोटदुखीवर एक लेख प्रसिद्ध झाला. लेख एकंदरीत उपयुक्त होता. मुलाची पोटदुखी म्हणजे शाळा बुडवण्याचे निमित्त, असे समजून ती झटकून टाकू नये, हे त्यात स्पष्ट लिहिले होते ते बरेच झाले. मात्र लेखासोबतच्या चौकटीत असे छापले होते की, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या आजारांचे निदान आता आतडे आतून पाहण्याच्या दुर्बिणीवाचून, केवळ रक्तातील प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तपासून होऊ शकते, आणि ज्यांच्या मुलांचे पोट वारंवार दुखते अशा सर्व पालकांनी ही तपासणी ‘एकदा करून घ्यावी’. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे काम केले आहे आणि या तपासण्या माझ्या हाताने केल्या आहेत. त्यामुळे त्यांच्याविषयी मनात अढी असण्याचे काही कारण नाही. पण चौकटीतली ही दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि त्यांतल्या दुसऱ्या विधानामुळे मुलांचे नुकसान होऊ शकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दोहोंना मिळून डॉक्टर आयबीडी, म्हणजे आतड्याच्या दाहाचा आजार, म्हणतात. मानसिक ताणाने बळावणाऱ्या आयबीएसशी, म्हणजे आतड्याच्या नुसत्या कार्यातील बिघाडाशी, त्याची नेहमी गल्लत होते, पण आयबीएसमध्ये आतड्याला जखमा होत नाहीत, आयबीडीमध्ये होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो आणि बहुधा गुदाशयापासून वर सलग पसरतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, मध्ये चांगले भाग सोडत, आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत शिरतो. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन आणि त्यांचे दोन सहकारी यांचा निबंध १९३२ सालचा आहे. म्हणजे आजार नवा नाही, आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे त्याची नोंद अलीकडे वाढली इतकेच. मुलांमध्ये त्याचे एक वैशिष्ट्य असे की, जुलाब आणि रक्त दिसण्याच्या कितीतरी आधी मुलाची उंची वाढायची थांबू शकते.

आता त्या प्रतिपिंडांकडे वळते. त्यांतली सर्वाधिक वापरात असलेली दोन म्हणजे अस्का आणि पी-अँका. पावाचे पीठ फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीभित्तिकेत मॅनन नावाची एक शर्करा असते. तिच्याविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रतिपिंड म्हणजे अस्का, आणि ते क्रोन्सच्या रुग्णांत अधिक प्रमाणात सापडते. पी-अँका हे आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या घटकांविरुद्ध असते. अल्कोहोलने स्थिर केलेल्या पेशींवर रुग्णाचा रक्तद्रव टाकून फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर पेशीकेंद्राभोवती हिरवट कडे चमकते, आणि हे कडे अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत अधिक दिसते. याखेरीज ई. कोलाय जिवाणूच्या बाह्य आवरणातल्या ओम्प-सी या प्रथिनाविरुद्ध आणि जिवाणूंच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिनविरुद्ध असलेली प्रतिपिंडेही मोजतात. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दाह झालेल्या आतड्याची आतल्या जंतूंबद्दलची सहनशीलता ढळलेली असणे. प्रतिपिंड ही त्या बिघाडाची एक खूण आहे, आणि खूण असल्यामुळेच ती प्रत्येक रुग्णात उमटत नाही आणि कधी भलत्याच ठिकाणी उमटते.

किती उमटते, हा खरा प्रश्न आहे. क्रोन्सच्या सुमारे निम्म्या ते साठ टक्के रुग्णांत अस्का सापडते, अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या साधारण साठ ते सत्तर टक्के रुग्णांत पी-अँका सापडते, आणि निरोगी माणसांतही दर शंभरांत काही जणांचा अहवाल पॉझिटिव्ह येतो. लहान मुलांत, विशेषतः सात-आठ वर्षांखालच्या, अस्काचे प्रमाण आणखी कमी असते. हे आकडे ऐकायला वाईट वाटत नाहीत, कारण टक्केवारी ऐकताना आपण कोणाची टक्केवारी हे विचारायला विसरतो. हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की, शंभर रुग्ण मुलांपैकी साठ जणांना चाचणी अचूक पकडते आणि शंभर निरोगी मुलांपैकी आठ जणांना उगीच पॉझिटिव्ह ठरवते. आता चौकटीतल्या सल्ल्याप्रमाणे पोट दुखणारी एक हजार मुले तपासली आणि त्यांत खरोखर आजारी दहाच निघाली, तर चाचणी त्यांतल्या सहांना पकडेल, चौघांना सोडून देईल, आणि उरलेल्या नऊशे नव्वदांपैकी जवळजवळ एकोणऐंशी मुलांना विनाकारण आजारी ठरवेल. म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल हातात घेऊन रडणाऱ्या पंच्याऐंशी घरांपैकी एकोणऐंशी घरांत आजारच नसेल. उलट, मोठ्या रुग्णालयाच्या पोटविकार विभागात डॉक्टरांनी तपासून, संशय घेऊन पाठवलेली शंभर मुले असतील आणि त्यांत चाळीस खरोखर आजारी असतील, तर तीच चाचणी चोवीस जणांना बरोबर आणि जेमतेम पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवेल. रसायन तेच, यंत्र तेच, अहवालाचा कागद तोच, पण अर्थ पूर्णपणे बदलला. आणि या दुसऱ्या ठिकाणीही सोळा आजारी मुले निसटतातच, हे लक्षात घ्यावे.

पोटदुखीच्या मुलांची संख्या हजारांत सांगणे ही अतिशयोक्ती नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे एक हजार शाळकरी मुलांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष १९५८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दहा मुलांमागे एकाहून थोड्या अधिक मुलांना वारंवार पोटदुखी आढळली आणि शारीरिक कारण त्यांतल्या फारच थोड्यांत निघाले. पुण्यातल्या शाळांत चित्र फार निराळे असेल असे मला वाटत नाही.

येथे मला घरची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती सांगितल्याशिवाय माझ्या लिहिण्याला तात्त्विक वादाचे रूप येईल. माझ्या भाचीचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. जेवल्यावर पोटात कळ येते, अधूनमधून तोंड येते, खेळायला नको म्हणतो, अशा तक्रारी वर्षभर चालल्या होत्या. शाळेच्या आरोग्य तपासणीत हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघाले, तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बसायच्या जागी एक फोड येऊन गेला, त्याला घरात सगळ्यांनी मूळव्याध म्हटले, मुलाला मूळव्याध कशी होईल हा प्रश्न कोणालाही पडला नाही. एका प्रयोगशाळेचे मुलांच्या पोटाच्या तपासणीचे ‘पॅकेज’ भाचीला मोबाइलवर दिसले आणि काही हजार रुपये भरून तिने ते घेतले. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. अस्का आणि पी-अँका दोन्ही निगेटिव्ह. ‘मावशी, सुटलो एकदाचे,’ असा तिचा निरोप अहवालाच्या छायाचित्रासह मला आला आणि मी, एकतीस वर्षे हेच काम केलेली बाई, ‘बरे झाले’ असे उत्तर पाठवून मोकळी झाले. ती दोन प्रतिपिंडे नसणे म्हणजे आजार नसणे नव्हे, हे मला माहीत होते, तरी त्या दिवशी ते मला सुचले नाही.

त्यानंतर आठ महिने गेले. दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या गणवेशाची पँट लक्ष्मी रस्त्यावरून वाढत्या अंगाची घ्यायची, खालून दुमडून शिवायची आणि पुढच्या वर्षी उसवून लांब करायची, हा आपल्याकडचा जुना हिशेब. त्या मुलाची दुमड दोन वर्षे उसवावी लागली नव्हती, आणि भाचीला त्यात बचतच दिसत होती. अखेर सर्दीच्या निमित्ताने ज्या बालरोगतज्ज्ञांकडे त्याला नेले, त्यांनी जुन्या फाइलमधल्या उंचीच्या नोंदी काढून वाढीच्या आलेखावर ठिपके मांडले, आणि वर जाणारी रेघ दोन वर्षांपूर्वीच आडवी झालेली दिसली. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी २०१५ साली सुधारून प्रसिद्ध केलेले हे आलेख तयार करण्यात पुण्यातल्या संशोधकांचा मोठा वाटा होता, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. फक्त ते दवाखान्याच्या भिंतीवर लटकत न राहता मुलाच्या फाइलमध्ये असायला हवेत. त्या डॉक्टरांनी मग साधी रक्ततपासणी आणि शौचातील कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याच्या दाहात वाढणारे एक प्रथिन) करायला सांगितले. हिमोग्लोबिन व अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन कमी, दाह दाखवणारा ईएसआर आणि प्लेटलेट वाढलेले, आणि कॅल्प्रोटेक्टिन हजाराच्या वर. भूल देऊन दुर्बिणीची तपासणी झाली, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण दिसले, तुकडे तपासले गेले, एमआरआय झाले, आणि क्रोन्सचे निदान पक्के झाले. आठ आठवडे केवळ द्रव पोषण आहारावर त्याने काढले. क्रोन्सच्या मुलांत दाह उतरवण्यासाठी हा उपचार स्टेरॉइडच्या तोडीचा मानला जातो, पण गणपतीच्या दिवसांत घरात मोदक असताना अकरा वर्षांच्या मुलाने तो पाळणे ही सोपी गोष्ट नव्हती. आता त्याची तब्येत बरी आहे.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, त्याच्या निदानाला लागणारी जवळजवळ सगळी माहिती त्या महागड्या अहवालाच्या आधीच घरात पडून होती. रक्तक्षय होता, खुंटलेली उंची होती, गुदद्वाराजवळचा फोड होता. ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकी नियतकालिकात २००७ आणि २०१० साली आलेल्या दोन अभ्यासांत प्रतिपिंडांच्या पॅनेलची, म्हणजे एकत्र केलेल्या अनेक प्रतिपिंड-चाचण्यांची, तुलना हिमोग्लोबिन, ईएसआर यांसारख्या नेहमीच्या तपासण्यांशी केली होती, आणि संशयित मुलांतून आजारी मुले निवडण्याच्या कामी या जुन्या, स्वस्त तपासण्या पॅनेलपेक्षा कमी पडल्या नाहीत. कॅल्प्रोटेक्टिन तर आतड्यात उतरलेल्या पांढऱ्या पेशींचे प्रथिन प्रत्यक्ष शौचातच मोजते, म्हणजे जेथे आग आहे तेथलाच धूर पाहते. तेही निर्दोष नाही. जंतुसंसर्गात आणि काही वेदनाशामक गोळ्यांनी ते वाढते, आणि चार वर्षांखालच्या निरोगी मुलांतही मोठ्यांपेक्षा जास्त असते. तरी दुर्बिणीची गरज कोणाला आहे हे ठरवायला त्याचा आधार प्रतिपिंडांपेक्षा कितीतरी भक्कम आहे. युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ साली घातलेले आणि २०१४ साली सुधारलेले पोर्टो निकष आज जगभर प्रमाण मानले जातात. त्यांत निदानाचा पाया वरून आणि खालून दोन्ही बाजूंची दुर्बीण, अनेक ठिकाणचे तुकडे आणि लहान आतड्याचे चित्रण हाच आहे. दुर्बिणीची भीती पालकांना वाटते, ती मी समजू शकते. पण तिला पर्याय म्हणून रक्ताची नळी पुढे करणे ही फसवणूक आहे.

याहून गंभीर मुद्दा आपल्या देशाचा आहे, आणि पाश्चात्त्य लेखांवरून उतरवलेल्या चौकटींत तो हमखास सुटतो. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दोन आजार एकमेकांसारखे इतके दिसतात की अनुभवी डॉक्टरही गोंधळतात. दोन्ही लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ बसतात, दोहोंत ताप, वजन घटणे, व्रण, आतडे अरुंद होणे असते, आणि तुकड्यांत दोहोंमध्ये गाठीसारखे पेशीपुंज दिसू शकतात. अस्का येथे निवाडा करील अशी आशा होती, पण दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अस्काच्या आधारे क्रोन्स आणि आतड्याचा क्षय यांत फरक करता येत नाही, असेच निघाले. आता जुन्नर किंवा पुरंदर तालुक्यातून पुण्याला आणलेल्या, पोटात क्षय असलेल्या मुलाचा अस्का पॉझिटिव्ह आला आणि त्या कागदावर विसंबून स्टेरॉइड सुरू झाले, तर काय होईल हे सांगायला डॉक्टर असण्याची गरज नाही. क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, आजार बरा होतो, पण तो दाबून ठेवणाऱ्या प्रतिकारशक्तीवरच स्टेरॉइडने घाला घातला तर तो पसरतो. उलट दिशेनेही चूक घडते. क्रोन्सच्या मुलाला महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या चालू राहतात. म्हणूनच जेथे शंका राहते तेथे तज्ज्ञ क्षयाचे उपचार देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने व्रण भरले का ते पाहतात. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याला आडवाट नाही.

सिलियॅक या गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या आजारातही अस्का पुष्कळदा पॉझिटिव्ह येते आणि गहू बंद केल्यावर ती बहुधा उतरते. पोटदुखी, रक्तक्षय आणि खुंटलेली उंची ही लक्षणे त्यातही असतात. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचा अस्काचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तेव्हा त्यावर ‘यीस्ट’ हा शब्द वाचून तिच्या आजीने घरात पाव, बनमस्का आणि खारी येऊ देणे बंद केले, पोळी मात्र चालूच ठेवली. अस्का म्हणजे पावाची ॲलर्जी नव्हे आणि पाव टाळल्याने क्रोन्स टळतही नाही. काही संशोधकांच्या मते या प्रतिपिंडाचे मूळ आपल्या पोटातच राहणाऱ्या कँडिडा या बुरशीत असावे, कारण तिच्या भित्तिकेतही तशीच शर्करा असते. आजीने नेमकी बंद करायची वस्तू चालू ठेवली होती, हे त्या मुलीची सिलियॅकची तपासणी झाल्यावर कळले.

मग ही प्रतिपिंडे निरुपयोगी आहेत का? तसे मी म्हणणार नाही. क्रोन्सचे निदान झालेल्या मुलांत अस्काचे प्रमाण जितके जास्त, तितका लहान आतड्याचा आजार, आतडे अरुंद होणे आणि शस्त्रक्रियेची वेळ येणे यांचा संभव अधिक, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे पुढचे उपचार किती आक्रमक असावेत याचा विचार करताना तज्ज्ञांना त्यांची मदत होते. इस्रायली लष्करातील साठवलेल्या रक्तनमुन्यांवर झालेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर मला फार विलक्षण वाटतो. पुढे क्रोन्स झालेल्या जवळजवळ एक तृतीयांश तरुणांच्या रक्तात निदानाच्या आधीच अस्का सापडली होती, काहींच्या तर काही वर्षे आधी. आजार आतल्या आत केव्हा सुरू होतो हे समजण्याच्या दृष्टीने ही माहिती मोलाची आहे. मात्र उरलेल्या दोन तृतीयांशांच्या रक्तात ती नव्हती, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. फक्त मोठ्या आतड्यात असलेला दाह क्रोन्स की कोलायटिस, हे ठरत नसेल तेव्हाही अस्का आणि पी-अँका ही जोडी मदतीला बोलावतात, पण मोठ्या आतड्यापुरत्या क्रोन्समध्ये पी-अँका पॉझिटिव्ह येऊ शकते आणि अशा अनिश्चित रुग्णांपैकी बऱ्याच जणांत दोन्ही निगेटिव्ह निघतात. जेथे सर्वाधिक गरज तेथेच ही मदत तोकडी पडते.

शेवटी माझ्या जुन्या व्यवसायातील एक त्रुटी मी सांगते, कारण तिची जाणीव पालकांना तर नाहीच, पण काही डॉक्टरांनाही नसते. पी-अँका हे नाव मूळचे रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजारांतले आहे, आणि तेथे ते प्रतिपिंड पांढऱ्या पेशीतल्या मायलोपेरॉक्सिडेज म्हणजे एमपीओ या विकराविरुद्ध (एन्झाइमविरुद्ध) असते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमधले पी-अँका सहसा एमपीओविरुद्ध नसते. ते सूक्ष्मदर्शकाखालील कड्यातूनच ओळखावे लागते. बऱ्याच ठिकाणी सूक्ष्मदर्शकाचे काम टाळून यंत्रावर एमपीओची एलायझा, म्हणजे केवळ एमपीओविरुद्धचे प्रतिपिंड मोजणारी चाचणी, करतात आणि अहवालावर शीर्षक मात्र ‘पी-अँका’ असे छापतात. रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी ते चालते, परंतु कोलायटिसच्या मुलाच्या बाबतीत तो ‘निगेटिव्ह’ अहवाल म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होय. त्याचप्रमाणे ज्या मुलांच्या शरीरात आयजीए हे प्रतिपिंड जन्मतःच कमी असते, त्यांच्यात आयजीए प्रकारची अस्का निगेटिव्ह येणारच. म्हणून आयजीजी प्रकारही सोबत मोजावा लागतो. आमच्या भाचीच्या मुलाचा तो जुना अहवाल मी नंतर शांतपणे वाचला तेव्हा पी-अँकाच्या ओळीखाली अगदी बारीक अक्षरांत ‘पद्धत : एलायझा, एमपीओ’ असे छापलेले दिसले, आणि अस्का केवळ आयजीएपुरती मोजलेली होती. त्याला क्रोन्स असल्याने पी-अँकाने तसाही फार फरक पडला नसता, पण त्या पॅकेजच्या जाहिरातीत दोन्ही आजारांचा उल्लेख ठळक अक्षरांत होता.

आपल्याला माझी विनंती दोन गोष्टींची आहे. त्या चौकटीतील विधानांची दुरुस्ती पुरवणीच्या पुढील अंकात तेवढ्याच ठळकपणे प्रसिद्ध व्हावी. आणि जमल्यास एखाद्या बालपोटविकारतज्ज्ञांकडून, पोट दुखणाऱ्या मुलाच्या बाबतीत पालकांनी कोणत्या लक्षणांवर थांबू नये, याविषयी लेख लिहून घ्यावा. वजन किंवा उंची थांबणे, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा कळ, विनाकारण ताप, गुदद्वाराजवळ फोड किंवा नासूर, वारंवार तोंड येणे आणि सांधे सुजणे ही त्यांतली मुख्य लक्षणे आहेत. शहरातील प्रयोगशाळा चालवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगणे आहे की, ही तपासणी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पॅकेजमध्ये घालू नये, आणि घातलीच तर पी-अँका कोणत्या पद्धतीने केले ते अहवालाच्या पहिल्या ओळीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
कोथरूड, पुणे